एका रात्री एकच भाग: जुन्या कृष्णधवल भयमालिका पाहायला सुरुवात करताना

‘द ट्वायलाइट झोन’ पहिल्यांदा हाती लागली तेव्हा मी एका शनिवारी रात्री सलग सात भाग पाहिले. सकाळी चहा घेताना आठवायला बसले, तर बाहुली कुठल्या गोष्टीतली आणि विमान कुठल्या, काही सांगता येईना. भीती तर वाटलीच नव्हती. दोन वर्षं जिचं कौतुक ऐकत होते ती मालिका हीच का, असं वाटून मी ती बाजूला ठेवली. पुढे पावसाळ्यात घरी एकटी असताना सहज एक भाग लावला, तो संपल्यावर टीव्ही बंद केला आणि अंथरुणावर पडले. झोप येईना. स्वयंपाकघरात फ्रिज मध्येच घुरघुरायचा आणि बंद पडायचा, तो आवाज मी एरवी कधी ऐकलेलाच नव्हता. त्या रात्री माझी चूक मला कळली.

या मालिकांत दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं, नवं घर. कायम असतो तो फक्त सूत्रधार. दिवाळी अंकातली गूढकथा वाचून आपण अंक मिटतो आणि थोडा वेळ नुसते बसतो, तशी ही जात आहे. तेव्हाच्या प्रेक्षकाला पुढच्या गोष्टीसाठी आठवडाभर थांबावं लागायचं, आणि शेवटाचा धक्का त्या आठवड्यात मुरायचा. आज पुढचा भाग दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो आणि मुरायला वेळच उरत नाही. म्हणून या लेखातली बाकी कुठलीही सूचना विसरलात तरी चालेल, शीर्षकातली तेवढी पाळा.

खाली लिहिलेलं सगळं मी स्वतः चुकत चुकत शिकले आहे. तुमचा तेवढा वेळ वाचावा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- पूर्ण अंधार करता येईल अशी खोली. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर जाड पडदा किंवा चादर.
- टीव्ही किंवा लॅपटॉप, आणि त्याची सेटिंग बदलण्याची तयारी. मोबाइल नको.
- हेडफोन. आवाज मोनो आहे, दोन्ही कानांत एकच येतो, त्यामुळे साधेही चालतात.
- इंग्रजी सबटायटल. त्या काळचे अमेरिकन उच्चार पहिले काही दिवस जड जातात.
- एक वही.
- अर्ध्या तासाच्या भागासाठी चाळीस मिनिटं, तासाच्या भागासाठी सव्वा तास. जास्तीचा वेळ भाग संपल्यानंतर लागतो.

१. आधी पाच नावं वेगळी ओळखा

नवखा माणूस या सगळ्या मालिकांना एकच समजतो आणि चुकीच्या अपेक्षेने चुकीची मालिका लावतो. पाचही अमेरिकेतल्या आहेत, १९५५ ते १९६५ या दहा वर्षांतल्या आहेत, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

*आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स*, १९५५ पासून. १९६२ मध्ये ती तासाभराची झाली, नाव बदललं, आणि १९६५ पर्यंत चालली. हिच्यात भूत शोधू नका. इथे खून होतात, नवरा-बायको एकमेकांच्या वाईटावर असतात, आणि शेवटी कोणीतरी अडकतं. हिचकॉक स्वतः सुरुवातीला येऊन गंभीर चेहऱ्याने वात्रट बोलतो आणि प्रायोजकांच्या जाहिरातींची खिल्ली उडवतो.

*वन स्टेप बियाँड*, जानेवारी १९५९ ते जुलै १९६१. जॉन न्यूलँड हा तिचा सूत्रधार आणि प्रत्येक भागाचा दिग्दर्शकही. प्रत्येक गोष्ट खरी घडलेली आहे असा तिचा दावा असतो: पूर्वसूचना, दिसणारे मृतात्मे, दूरवरचं कळणं. दावा सोडून द्या, सांगण्याची शांत पद्धत पाहा. न्यूलँड आवाज चढवत नाही. शेजारच्या काकांनी ओट्यावर बसून ऐकीव गोष्ट सांगावी तसं बोलतो.

*द ट्वायलाइट झोन*, २ ऑक्टोबर १९५९ ते १९ जून १९६४, एकूण १५६ भाग. त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंगने लिहिले, आणि सूत्रधारही तोच. या माणसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात तो फिलिपीन्समध्ये पॅराट्रूपर म्हणून लढला होता. नंतर टीव्हीसाठी नाटकं लिहायला लागला आणि नाव झालं. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली, त्यावर सर्लिंगने नाटक लिहिलं. १९५६ मध्ये ते प्रक्षेपित झालं तोवर प्रायोजकांच्या भीतीपोटी त्यातलं इतकं बदललं गेलं होतं, की मूळ विषयच नाहीसा झाला होता. पुढे त्याने तीच माणसं, तोच द्वेष, तीच गर्दी परग्रहावर आणि भुताखेतांत नेऊन ठेवली, आणि तिथे कोणी हरकत घेतली नाही. या मालिकेतली भीती आजही शिळी वाटत नाही ती म्हणून. राक्षसाच्या आडून तो शेजाऱ्याबद्दल बोलत असतो.

*थ्रिलर*, सप्टेंबर १९६० ते एप्रिल १९६२, ६७ भाग, प्रत्येक तासाभराच्या जागेतला. सूत्रधार बोरिस कार्लॉफ, १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस. जुना वाडा, कोळिष्टकं, जिन्यावरची पावलं, असं अस्सल भय हवं असेल तर ही मालिका. कार्लॉफचा एक धागा आपल्या इकडचा आहे. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ-महसूल खात्यात अधिकारी होते, आणि त्याच्या आईची मावशी ॲना लिओनोवेन्स, जी पुढे सयामच्या राजदरबारात शिक्षिका झाली, ती १८३१ मध्ये आपल्या नगरला जन्मलेली. हे कळल्यापासून त्याचा तो किंचित बोबडा, आजोबांसारखा आवाज मला जास्तच जवळचा वाटतो.

*द आउटर लिमिट्स*, सप्टेंबर १९६३ ते जानेवारी १९६५, ४९ भाग. विज्ञानकथा आणि राक्षस. पहिल्या हंगामाचा निर्माता जोसेफ स्टेफानो, हिचकॉकच्या ‘सायको’ चित्रपटाची पटकथा लिहिणारा. इथे सूत्रधार दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. तुमच्या टीव्हीत काही बिघाड झालेला नाही, आता चित्रावर ताबा आमचा आहे, असं तो बजावतो. चित्र हललं म्हणून गच्चीवर अँटेना फिरवायला पळालेल्या पिढीला ती सुरुवात बरोबर लागते.

२. टीव्हीची सेटिंग बदला

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत जास्त माणसं इथेच हरतात.

चित्राचा आकार आधी बघा. या मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी काढल्या आहेत, रुंदी चार तर उंची तीन. आजचा टीव्ही त्यांना ताणून कडेपर्यंत नेतो. आमच्याकडे महिनाभर सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसत होती आणि मी तो जुन्या कॅमेऱ्याचा दोष समजत होते. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते दिसले की समजा, चित्र बरोबर लागलं.

मग हालचाल ‘स्मूद’ करणारी सोय बंद करा. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ या शब्दाखाली सापडते. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची असते. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो, आणि वाड्यातला जिना क्षणात स्टुडिओतला लाकडी जिना दिसायला लागतो.

‘व्हिव्हिड’ बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. कृष्णधवल चित्राला निळसर छटा येते, ती जाते. ब्राइटनेस वाढवू नका. कोपऱ्यातलं काही दिसत नाही म्हणून हात रिमोटकडे जाईल, आवरा. ते दिसू नये अशीच व्यवस्था केलेली आहे.

आणि रंगवलेल्या प्रती. इंटरनेटवर संगणकाने रंग भरलेले भाग फिरतात. एकही पाहू नका. का ते सातव्या पायरीत सांगते.

३. प्रत तपासून घ्या

कुठली मालिका कुठल्या ॲपवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून इथे नावं देत नाही. मूळ नाव आणि वर्ष टाकून शोधा. ‘ट्वायलाइट झोन’ नुसतं टाकलंत तर १९८५, २००२ आणि २०१९ च्या नव्या आवृत्त्याही समोर येतात. तुम्हाला १९५९ ची हवी आहे.

सापडली की लांबी बघा. अर्ध्या तासाच्या मालिकेचा पूर्ण भाग साधारण पंचवीस मिनिटांचा असतो, तासाच्या मालिकेचा पन्नासच्या आसपास. एकवीस-बावीस मिनिटं दिसली तर ती पुनःप्रक्षेपणासाठी कापलेली प्रत आहे. जाहिरातींना जागा करायला नेमके शांत प्रसंग कापले जातात, आणि भीती तिथेच असते. ‘वन स्टेप बियाँड’चे बरेच भाग मोफत सापडतात, पण त्यातल्या अनेक प्रती फिकट झालेल्या असतात. दोन-तीन ताडून पाहा.

डिस्क विकत घेणाऱ्यांनी प्रदेश-क्रमांक बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकन डीव्हीडी प्रदेश १ ची, भारत प्रदेश ५ मध्ये. अमेरिकन ब्लू-रे ए गटातली, भारत सी गटात. मी एका विक्रेत्याकडून संच मागवला, तो आमच्या प्लेअरवर चालला नाही, आणि सील फोडलं म्हणून त्याने परतही घेतला नाही. संच अजून कपाटात आहे. काही डिस्क सर्व प्रदेशांत चालतात, तसं वेष्टनावर छापलेलं असतं.

४. पहिली रात्र: ‘द इनव्हेडर्स’

बहुतेक जण पहिल्या हंगामाच्या पहिल्या भागापासून सुरू करतात. या मालिकांत तसं करण्याचं काही कारण नाही, कारण एका भागाचा दुसऱ्याशी संबंधच नसतो. मी सगळ्यांना ‘ट्वायलाइट झोन’चा २७ जानेवारी १९६१ ला दाखवलेला ‘द इनव्हेडर्स’ लावायला सांगते. लेखक रिचर्ड मॅथेसन, दिग्दर्शक डग्लस हेज.

इंग्रजीची धास्ती असलेल्या माणसाने तर इथूनच सुरुवात करावी, कारण यातली बाई एक शब्दही बोलत नाही. एकाकी माळावरचं लाकडी खोपट, वीज नाही, त्यात एकटी राहणारी एक प्रौढ बाई. ती चुलीपाशी उभी आहे. छपरावर काहीतरी आदळतं. इथून पुढे ॲग्नेस मूरहेड ही नटी केवळ श्वास, कण्हणं आणि अंगाच्या हालचाली यांवर सगळा भाग ओढून नेते. शिडी चढून छपराचं झाकण उघडते तेव्हा तिचे खांदे बघा. मेणबत्ती हातात घेऊन खोलीत वावरते तेव्हा प्रकाश तिच्याबरोबर सरकतो, आणि उरलेली खोली आपल्या डोळ्यांदेखत काळी होत जाते. आपल्यालाही तेवढंच दिसतं जेवढं तिला.

संपल्यावर टीव्ही बंद करा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवलेली बरी. दिवा लावायच्या आधी पाच मिनिटं तसंच बसा. मग वहीत दोनच ओळी लिहा: कुठल्या क्षणी अंगावर काटा आला, आणि त्या क्षणी पडद्यावर नक्की काय दिसत होतं. माझ्या वहीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘दार’, ‘पाठ’ किंवा ‘काही नाही’ असं आहे.

५. पुढच्या नऊ रात्री

क्रम विचार करून लावला आहे. सोपं, ओळखीचं आधी. पन्नास मिनिटांचं नंतर. गोष्टींचे शेवट सांगणार नाही.

दुसरी रात्र: ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’, ट्वायलाइट झोन, १९६०. एका साध्या गल्लीत संध्याकाळी लाइट जाते, फोन बंद पडतात, गाड्या चालू होईनात. मग लोक रस्त्यावर जमून एकमेकांकडे बघायला लागतात. सर्लिंगबद्दल वर जे लिहिलं ते इथे उघड दिसेल. सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही यातला प्रत्येक माणूस ओळखता येतो.

तिसरी: ‘लँब टू द स्लॉटर’, हिचकॉक प्रेझेंट्स, १९५८. हिचकॉकने स्वतः दिग्दर्शित केलेल्या मोजक्या भागांपैकी एक. एक गृहिणी, एक फ्रीझर आणि घरी आलेले पोलीस. कथा रोआल्ड डालची.

चौथी: ‘द हिच-हायकर’, ट्वायलाइट झोन, १९६०. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला एकटी गाडी चालवत निघालेली बाई, आणि प्रत्येक वळणावर लिफ्ट मागत उभा असलेला तोच एक माणूस. मूळ नभोनाट्यात गाडी चालवणारा पुरुष होता. बाई केल्यामुळे गोष्टीत एक वेगळीच, फार खरी भीती आली, ती कुठल्याही एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला समजेल.

पाचवी: ‘आय ऑफ द बीहोल्डर’, ट्वायलाइट झोन, ११ नोव्हेंबर १९६०. हिच्याबद्दल सातव्या पायरीत.

सहावी: ‘द हंग्री ग्लास’, थ्रिलर, जानेवारी १९६१. पहिली तासाची गोष्ट. समुद्रकाठी स्वस्तात मिळालेलं मोठं घर, नवं जोडपं, आणि हळूहळू लक्षात येतं की अख्ख्या घरात एकही आरसा नाही. पहिली पंधरा मिनिटं धीर धरा. रात्री दात घासायला जाल तेव्हा आठवेल.

सातवी: ‘नाइटमेअर ॲट ट्वेंटी थाउजंड फीट’, ट्वायलाइट झोन, १९६३. विमानाच्या पंखावर कोणीतरी आहे, आणि ते एकाच प्रवाशाला दिसतं. तो प्रवासी म्हणजे कालचाच नट, विल्यम शॅटनर. पंखावरच्या त्या प्राण्याचा पोशाख आज तितका पटत नाही. तरीही खिडकीचा पडदा ओढलेला असताना, त्याच्यामागे काय असेल या विचाराने शॅटनर जो घामाघूम होतो, ते पाहताना माझा हात खुर्चीवर घट्ट होतो.

आठवी: ‘लिव्हिंग डॉल’, ट्वायलाइट झोन, १९६३. बोलणारी बाहुली आणि तिचा राग करणारा सावत्र बाप. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर.

नववी: ‘द झँटी मिसफिट्स’, आउटर लिमिट्स, डिसेंबर १९६३. माणसासारखा चेहरा असलेल्या मुंग्या. मुंग्या एकेक चित्र काढून हलवल्या आहेत, आणि त्या झटक्याझटक्याच्या चालीमुळेच त्या किळसवाण्या वाटतात.

दहावी: ‘पिजन्स फ्रॉम हेल’, थ्रिलर, ६ जून १९६१. ही शेवटीच ठेवा. दलदलीच्या रानात दोन भावांची गाडी रुतते, ते एका ओसाड वाड्यात रात्र काढायला जातात, आणि वाड्यासमोर पारव्यांचा थवा असतो. दिग्दर्शक तोच जॉन न्यूलँड, ‘वन स्टेप बियाँड’चा. तिथे शांतपणे बोलणारा हा माणूस इथे काय करू शकतो ते बघा. मी हा भाग तीनदा पाहिला आहे, आणि जिन्याकडे अजूनही सरळ बघवत नाही.

६. सूत्रधाराला पुढे ढकलू नका

‘स्किप इंट्रो’चं बटण आपल्या बोटात बसलं आहे. इथे ते दाबू नका. गोष्टीला मिनिटं मोजकी मिळतात, आणि कोण, कुठे, कशाच्या काठावर उभं आहे हे सर्लिंग चार वाक्यांत सांगून टाकतो. त्या वाक्यांत पुष्कळदा शेवटाची किल्लीही असते. भाग संपल्यावर सुरुवातीचं निवेदन पुन्हा ऐका, फार समाधान मिळतं. पहिल्या हंगामात त्याचा फक्त आवाज येतो. तो पडद्यावर नियमित दिसायला लागतो ते दुसऱ्या हंगामापासून. आणि ज्या सुरावटीवरून लोक मालिका ओळखतात ती मारियुस कॉन्स्टंटची धूनही दुसऱ्या हंगामातच आली. पहिल्या हंगामाची धून बर्नार्ड हरमनची आहे. ती संथ आहे, धुक्यातून चालल्यासारखी, आणि मला तीच जास्त आवडते.

७. काळोख बघायला शिका

‘आय ऑफ द बीहोल्डर’ लावा आणि गोष्टीआधी सावल्यांकडे लक्ष द्या.

इस्पितळाची खोली आहे. खाटेवर एक बाई, सगळा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला. चेहरा सुधारण्याचा तिचा हा अकरावा प्रयत्न आहे, आणि कायद्याने हाच शेवटचा. पट्टी सोडेपर्यंत वाट बघायची, एवढीच गोष्ट. आता बघा, नर्स आत येते ती पाठमोरी. डॉक्टर खिडकीपाशी उभा राहून बोलतो, तिथे त्याची फक्त काळी आकृती आहे. कोणी दिव्याजवळ जातं तेव्हा दिवा नेमका हनुवटीच्या खाली राहतो. कॅमेरा माणसांच्या खांद्यामागून, पलंगाच्या कडेवरून, पडद्याच्या आडून फिरत राहतो, आणि आपण कित्येक मिनिटं फक्त आवाज ऐकतो. ते आवाज मायाळू आहेत. त्यातल्या नर्सला त्या बाईचं खरोखर वाईट वाटतं आहे. पहिल्यांदा पाहताना हे काहीच जाणवत नाही, इतकं ते सहज आहे. फक्त अस्वस्थ वाटतं. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा कळेल की जॉर्ज क्लेमेन्स या छायालेखकाने आपल्याला पंचवीस मिनिटं किती बेमालूम फसवलं.

आता ह्याच खोलीत रंग भरून पाहा. भिंत हिरवट होईल, गणवेश पांढरा, पडदा निळा. डोळा भिंतीवर जाईल, पडद्यावर जाईल, आणि सावली ही खोलीतली एक कमी उजेडाची जागा होऊन बसेल. कृष्णधवल चित्रात सावलीला वस्तूइतकंच वजन असतं. माणूस आणि त्याच्यामागचा काळोख एकाच पदार्थाचे बनलेले दिसतात, म्हणून काळोखातून काहीही बाहेर येईल असं वाटतं. छायालेखकाने दिवे लावले ते हा हिशेब धरून. वरून रंग फासणारा त्याने उभं केलेलं सगळं मोडतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

यात काटकसरही होती, तीही समजून घ्यावी. आठवड्याला एक भाग द्यायचा, पैसे मोजके. ‘ट्वायलाइट झोन’ एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या आवारात व्हायची आणि मोठ्या चित्रपटांचे जुने सेट, जुने रस्ते वापरायची. अर्धा सेट नसेल तर तिकडे उजेड टाकायचा नाही, की वाडा मोठा झाला. ‘आउटर लिमिट्स’मध्ये कॉनराड हॉल या छायालेखकाने हीच युक्ती इतक्या टोकाला नेली की काही प्रसंगांत एक डोळा आणि कपाळाची कड एवढंच उजळलेलं असतं. १९६६ च्या हंगामापर्यंत अमेरिकेतल्या तिन्ही वाहिन्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम रंगीत झाले, आणि असे दिवे लावण्याची गरज संपली. १९७० मध्ये सर्लिंगची रंगीत ‘नाइट गॅलरी’ सुरू झाली. तिच्यातही चांगल्या गोष्टी आहेत, पण ती नंतर बघा, फरक आपोआप कळेल.

८. इथे अडकायला होतं

‘ट्वायलाइट झोन’चा चौथा हंगाम तासाचा आहे, १८ भाग. गोष्टींचा जीव अर्ध्या तासाचा आणि अंगरखा तासाचा, असं बऱ्याच भागांत होतं. पहिल्या सहा महिन्यांत तिकडे जाऊ नका.

दुसऱ्या हंगामातले सहा भाग खर्च वाचवायला फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर काढले होते. ते अचानक दूरदर्शनच्या स्टुडिओतल्या नाटकासारखे दिसतात, सपाट आणि झगझगीत. तुमची प्रत खराब नाही. त्यातला नाताळचा ‘द नाइट ऑफ द मीक’ तरीही पाहावा. तो भीतीचा नाही, फार मायेचा आहे.

‘थ्रिलर’चे सुरुवातीचे भाग गुन्हेगारी कथांचे आहेत आणि बेताचे आहेत. ते पाहून लोक मालिका सोडून देतात. १९६० च्या डिसेंबरपासून, ‘द चीटर्स’च्या आसपास, तिला तिचा सूर सापडतो. तिथून धरा.

भागाच्या छोट्या चित्रावर, म्हणजे थंबनेलवर, पुष्कळदा शेवटचंच दृश्य लावलेलं असतं. यादी चाळू नका, नाव टाइप करून सरळ भाग उघडा. ‘टू सर्व्ह मॅन’ आणि ‘टाइम इनफ ॲट लास्ट’ या दोन भागांचे शेवट इतके प्रसिद्ध आहेत की कोणीतरी सांगून टाकेलच. त्याआधी पाहून घ्या.

रबरी राक्षसांना हसू येईल. आउटर लिमिट्सच्या ‘द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर’मधला प्राणी १९६३ मध्ये काही स्थानिक केंद्रांनी प्रेक्षकांना दाखवलाच नाही, तेवढा वेळ पडदा काळा ठेवला. आज तो पाहून कोणी घाबरणार नाही, पण त्या प्राण्यात बदलत जाणाऱ्या माणसाची बायको मात्र पाहावत नाही. तिच्याकडे लक्ष ठेवा.

बायकांना उठसूट वेडं ठरवणारे डॉक्टर आणि नवरे या मालिकांत पुष्कळ आहेत. काही भागांत लेखकाला ते दिसतं आहे, काहींत त्यालाही दिसत नाही. मला ते खुपतं, आणि खुपलं की मी वहीत तसं लिहिते.

९. बरोबर कोणाला घ्यायचं

पहिले तीन-चार भाग एकट्याने पाहा. नंतर एकच माणूस सोबत घ्या, आणि तो मध्ये बोलणारा नसावा. माझी आत्या पंचाहत्तरीची आहे, इंग्रजी बेताचं. तिला मी ‘द इनव्हेडर्स’ दाखवला. ती अख्खा भाग पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. संपल्यावर म्हणाली, “अगं, त्या बाईनं चूल विझवली नाही गं शेवटपर्यंत.” मी तो भाग चार वेळा पाहिला होता, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती येते. आम्ही एक भाग पाहतो, मग वरण-भात जेवतो, आणि जेवताना ती गोष्ट मला पुन्हा सांगते, तिच्या शब्दांत, आमच्या गावातली करून.

दहा वर्षांखालच्या मुलांना ‘लिव्हिंग डॉल’ आणि ‘पिजन्स फ्रॉम हेल’ दाखवू नका. रक्त फारसं नाही म्हणून पालक निर्धास्त असतात, पण रात्री मुलं दार उघडं ठेवायला सांगतात. त्यांना आधी ‘द नाइट ऑफ द मीक’ दाखवा.

दहा रात्री झाल्या की ‘थ्रिलर’चा ‘द इन्क्रेडिबल डॉक्टर मार्केसन’ बघा, फेब्रुवारी १९६२ चा. सूत्रधार असलेला कार्लॉफ ज्या पाच भागांत स्वतः कामही करतो त्यांतला हा एक. जुन्या घरात राहणारा काका, आसऱ्याला आलेला पुतण्या आणि त्याची बायको, आणि काकाची एकच अट: रात्री खोलीबाहेर यायचं नाही. कार्लॉफ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याच्या गालांवर उजेड कसा पडला आहे आणि डोळ्यांच्या खोबणीत तो कसा पोचतच नाही, ते बघा. त्या रात्री आत्याला मुक्कामालाच बोलवा.